बोलणारी चिप : आवाजाची साठवण आणि जुळणी

रायपूर शहरातील गुढियारी ही वस्ती रेल्वे स्थानकाला लागून आहे. हावडा आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग या स्थानकावरून जातो. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्या दुर्ग, राजनांदगाव व डोंगरगड ही स्थानके मागे टाकून महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यात शिरतात, आणि नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ या मार्गाने मुंबईकडे जातात. या मार्गावरील मोठ्या स्थानकांच्या फलाटांवर ध्वनिक्षेपकातून एक आवाज नित्य ऐकू येतो. गाडीचा क्रमांक काय, तिचे नाव काय, ती कोठून कोठे जाणार, कोणत्या फलाटावर येणार आणि तिला किती उशीर आहे, हे सर्व तो सांगतो. मध्यरात्र असो वा भर दुपार, त्या आवाजाला थकवा नाही आणि खोकलाही नाही.

थोडा विचार केल्यास यात एक नवल आढळते. अमुक गाडीला आज सत्तावीस मिनिटे उशीर होणार, ही गोष्ट ज्या व्यक्तीचा तो आवाज आहे तिला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ठाऊक असणे शक्य नव्हते. मग ते वाक्य तिने उच्चारले केव्हा? याचे उत्तर असे की, ते वाक्य सलगपणे कोणीच कधी उच्चारलेले नसते. त्यातील शब्द आणि वाक्यखंड निरनिराळे मुद्रित करून ठेवलेले असतात. यंत्र त्यांपैकी हवे ते वेळेवर उचलते आणि एकापुढे एक मांडते.

स्थानकावर हे काम संगणक करतो. परंतु मजल्याचे नाव सांगणारे उद्वाहन, अंधांसाठी बनविलेले बोलके घड्याळ, मुलांचे बोलके खेळणे या सर्वांत तेच काम नखाएवढी एक चिप करीत असते. साधन लहान असो वा मोठे, तत्त्व एकच आहे. आवाज चिपमध्ये साठतो कसा, त्यातून पुन्हा उमटतो कसा, आणि तुकडे जोडून वाक्य बनविताना भाषेचे व्याकरण कोणती अडचण उभी करते, याचा विचार या पाठात केला आहे.

१. चिपच्या पूर्वीची साधने

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाची कंपने. ती कंपने एखाद्या पदार्थावर कायमची उमटविता आली, तर पुढे त्याच पदार्थापासून तीच कंपने परत मिळविता येतील, या कल्पनेवर सर्व ध्वनिमुद्रण उभे आहे. १८७७ साली एडिसन याने कथिलाच्या पातळ पत्र्यावर सुईने खाचा उमटवून मानवी आवाज साठविला. १८९८ साली डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसेन याने पोलादी तारेवर चुंबकीय रूपाने आवाज साठविण्याची युक्ती शोधली. ग्रामोफोनची तबकडी पहिल्या मार्गाची वारस, आणि ध्वनिफीत दुसऱ्या मार्गाची.

या साधनांत दोन गोष्टी समान होत्या. पहिली ही की, काहीतरी फिरल्याशिवाय त्यांतून आवाज निघत नसे. तबकडी फिरे किंवा फीत सरके, आणि फिरणारी वस्तू झिजल्यावाचून राहत नाही. दुसरी ही की, आवाज ओळीने साठविलेला असे. फितीच्या मध्यावरील एक शब्द हवा असेल, तर तेथपर्यंतची फीत सरकवूनच तो मिळवावा लागे.

तरीही तुकडे जोडून वाक्य बनविण्याची कल्पना चिपहून पुष्कळ जुनी आहे. पॅरिसच्या वेधशाळेने १९३३ साली दूरध्वनीवरून वेळ सांगणारे बोलके घड्याळ सुरू केले. १९३६ साली इंग्लंडमध्येही तसे घड्याळ आले. इंग्लंडच्या यंत्रात काचेच्या तबकड्यांवर तास, मिनिटे आणि सेकंद यांचे उच्चार वेगवेगळे मुद्रित केले होते, आणि यंत्र त्यांतून दर वेळी योग्य ते तुकडे निवडून सलग ऐकवीत असे. दिवसातील प्रत्येक क्षणासाठी स्वतंत्र वाक्य मुद्रित करणे अशक्य होते. वाक्याची फोड करताच ते शक्य झाले. फलाटावरील घोषणेचे मूळ या घड्याळांत आहे.

२. आवाजाचे नमुने

ध्वनिग्राहकावर आवाज पडला की त्याच्या कंपनांनुसार विद्युत्‌दाब कमीअधिक होतो. हा दाब अखंड बदलत असतो. चिपमध्ये तर मोजके कप्पे असतात. अखंड बदलणारी वस्तू मोजक्या कप्प्यांत कशी मावावी?

तापाने आजारी असलेल्या रोग्याच्या खाटेशी टांगलेला तक्ता या प्रश्नाचे उत्तर सुचवितो. ताप क्षणोक्षणी बदलतो, पण परिचारिका तो दर चार तासांनी मोजून तक्त्यावर टिंब देते. टिंबे जोडली की तापाची चढउतार रेषेत दिसते. आवाजाचेही असेच करतात. ठरावीक अंतराने विद्युत्‌दाब मोजतात आणि तेवढीच मापे साठवितात. प्रत्येक माप म्हणजे आवाजाचा एक नमुना.

नमुने किती वेगाने घ्यावेत यासाठी एक पक्का नियम आहे. साठवावयाच्या आवाजात जी सर्वांत मोठी कंपनसंख्या असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घेतले पाहिजेत. या नियमाची बीजे नायक्विस्ट याच्या १९२८ सालच्या लेखनात आहेत आणि शॅनन याने १९४९ साली तो स्पष्ट स्वरूपात मांडला. नियम मोडल्यास काय होते, याचे उदाहरण चित्रपटात दिसते. धावत्या टांग्याचे चाक पडद्यावर कधी कधी उलटे फिरताना दिसते, कारण चाकाच्या वेगाच्या मानाने दर सेकंदाला घेतलेली चित्रे अपुरी पडतात. ध्वनीतही अपुऱ्या नमुन्यांमुळे मुळात नसलेले सूर उमटतात. म्हणून नमुने घेण्यापूर्वी मर्यादेबाहेरील उंच कंपने एका गाळणीने काढून टाकतात.

दूरध्वनीच्या पद्धतीत सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच कंपने घेतात आणि दर सेकंदाला ८,००० नमुने मोजतात. प्रत्येक नमुना ० ते २५५ या २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवितात. अशी पायरी लिहिण्यास आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ अंक लागतात. एका सेकंदाच्या बोलण्याचे ८,००० × ८ = ६४,००० बिट झाले. एका मिनिटाचे नमुने ४,८०,००० आणि बिट ३८,४०,००० होतात.

एवढ्या कंपनांत बोलणे समजते, पण काही हरवतेही. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या घर्षणयुक्त वर्णांची ओळख पुष्कळशी ३,४०० हर्ट्‌झच्या वरच्या कंपनांवर असते. दूरध्वनीवर एखादे अनोळखी नाव ऐकताना ‘स’ की ‘फ’ असा संशय पडतो तो याच कारणाने. काटकसर किती करावी याचा निर्णय म्हणूनच केवळ अभियंत्याच्या हिशेबाचा नाही. ऐकणाऱ्याला शब्द कळला पाहिजे, ही त्याची खरी कसोटी आहे.

३. चारही बाजूंनी लिंपलेली कणगी

नमुने मिळाले, पण वीज बंद झाल्यावरही ते टिकावेत कसे? या प्रश्नाचे उत्तर बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग व सायमन झी यांनी १९६७ साली दिले. ट्रान्झिस्टर हा विजेच्या प्रवाहाचा नळ मानला, तर त्याच्या ‘द्वारा’वरील विद्युत्‌दाब ही त्या नळाची चावी होय. कांग आणि झी यांनी या द्वाराखाली आणखी एक द्वार ठेवले. ते कोणत्याही तारेला जोडलेले नाही. त्याच्या चोहोबाजूंना विद्युत्‌रोधकाचा थर असतो. ते असे अधांतरी असल्यामुळे त्यास तरंगते द्वार म्हणतात.

शेतकरी कणगीत धान्य भरून तिचे तोंड लिंपून टाकतो, म्हणजे आतले धान्य सुरक्षित राहते. तरंगते द्वार ही इलेक्ट्रॉनांची अशीच कणगी आहे, फरक इतकाच की तिला तोंड मुळीच नाही. द्वाराभोवतालचा रोधक थर एका ठिकाणी अत्यंत पातळ असतो. नेहमीपेक्षा बराच मोठा विद्युत्‌दाब दिला असता इलेक्ट्रॉन या भिंतीतून आरपार जातात. रोजच्या व्यवहारात अशक्य वाटणारी ही गोष्ट सूक्ष्म कणांच्या जगात घडते, आणि पुंजयामिकीने तिची उपपत्ती दिली आहे. मोठा दाब काढून घेताच इलेक्ट्रॉन आत अडकतात. वीज नसली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ट्रान्झिस्टरची चावी जड होते, म्हणजे तो चालू होण्यास अधिक दाब लागतो. किती दाब लागला हे पाहिले की कणगीत किती साठा आहे ते न उघडताच कळते. उलट दिशेने मोठा दाब दिल्यास इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि कप्पा पुन्हा कोरा होतो.

साध्या चिपमध्ये प्रत्येक कणगीला एकच प्रश्न विचारतात: धान्य आहे की नाही? आहे तर एक अंक, नाही तर दुसरा. एका नमुन्याचे आठ बिट साठविण्यास अशा आठ कणग्या लागतात.

१९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ‘इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस’ या कंपनीने निराळा मार्ग धरला. कणगीत धान्य आहे की नाही एवढेच न पाहता ते किती पायल्या आहे हे मोजावे, म्हणजे एका कप्प्यात पुरा नमुना मावेल, अशी ही कल्पना होती. लिहिताना थोडे इलेक्ट्रॉन भरावयाचे, साठा मोजावयाचा, कमी असल्यास आणखी थोडे भरावयाचे, आणि नमुन्याच्या मापाशी मेळ बसताच थांबावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या एका चिपमध्ये ४,८०,००० कप्पे होते. दर सेकंदाला ८,००० नमुने घेतले की त्यात बरोबर एक मिनिटाचे बोलणे मावे. आठ बिटांच्या पद्धतीने तेवढ्याच बोलण्याला अडतीस लाख चाळीस हजार कप्पे लागले असते. तेवढ्याच कप्प्यांत दीड मिनिट साठविण्याचीही सोय दुसऱ्या एका प्रकारात होती. पण मग दर सेकंदाला सुमारे ५,३०० नमुनेच घेता येत आणि २,३०० हर्ट्‌झच्या वरचे सूर सोडून द्यावे लागत. अधिक वेळ हवा तर स्पष्टतेवर पाणी सोडावे लागते, हा नियम यात उघड दिसतो. या चिपवरील आवाज १०० वर्षे टिकेल आणि सुमारे एक लाख वेळा पुसून नवा भरता येईल, असा अंदाज निर्मात्यांनी दिला होता.

काटकसरीचा तिसराही एक मार्ग आहे. त्यात आवाजाचे नमुने न साठविता, कंठातून निघणारा सूर कोणता आणि त्या क्षणी मुखाची पोकळी कोणत्या आकाराची, एवढीच माहिती साठवितात. चिप त्यावरून आवाज नव्याने घडविते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७८ साली मुलांसाठी काढलेले शुद्धलेखन शिकविणारे बोलके खेळणे या तत्त्वावर चाले. सेकंदाला ६४,००० ऐवजी हजार-बाराशे बिटांत त्याचे काम भागे. मात्र तो आवाज यंत्राचा आहे हे मुलाच्याही लक्षात येई.

पुढे स्मृतिकोश स्वस्त होत गेले आणि अंकरूप साठवणच सर्वत्र रूढ झाली. तरंगते द्वार मात्र टिकून आहे. खिशातील दूरध्वनीत साठविलेला आवाजही आज इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या कप्प्यांतच असतो.

४. पत्ता सांगा, तुकडा घ्या

चिपचा सर्वांत मोठा लाभ असा की तिच्यात काही सरकत नाही. प्रत्येक कप्प्याला घराच्या क्रमांकासारखा पत्ता असतो. वर सांगितलेल्या एका मिनिटाच्या चिपमध्ये असे ६०० पत्ते होते, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापासून कोठूनही बोलणे सुरू करता येई. पत्ता दिला की चिप तेथून नमुने क्रमाने बाहेर काढते. त्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार गाळणीतून जाऊन गुळगुळीत होतो, त्याला बळ दिले जाते आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा कंप पावू लागतो. तुकड्याच्या अखेरीस समाप्तीची खूण भेटली की चिप थांबते आणि पुढील पत्त्याची वाट पाहते.

यातून किती श्रम वाचतात, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. एखाद्या स्थानकावर १०० गाड्या येतात, ७ फलाट आहेत, आणि उशीर ० ते ५९ मिनिटांपर्यंत असू शकतो असे समजावे. प्रत्येक शक्यतेसाठी पूर्ण वाक्य मुद्रित करावयाचे तर १०० × ७ × ६० = ४२,००० वाक्ये लागतील. प्रत्येक वाक्य १२ सेकंदांचे धरल्यास ५,०४,००० सेकंद, म्हणजे १४० तास होतात. तेच तुकड्यांनी करावयाचे झाल्यास गाड्यांचे १००, फलाटांचे ७, मिनिटांचे ६० आणि कायम शब्दांचे काही, असे पावणेदोनशेच्या आसपास तुकडे पुरतात. ते सर्व मिळून पाच मिनिटांचेही होत नाहीत.

आज १४० तासांचा आवाज अंगठ्याच्या नखाएवढ्या स्मृतिपत्रावर मावतो, तेव्हा जागेची अडचण उरलेली नाही. पण बेचाळीस हजार वाक्ये एका व्यक्तीने एकाच सुरात म्हणावी कशी? आणि एक नवी गाडी सुरू झाली की आणखी ४२० वाक्ये म्हणावी लागणार. यंत्राची स्मृती वाढली तरी माणसाचा कंठ पूर्वीचाच आहे. म्हणून जुळणीची गरज आजही संपलेली नाही.

५. जुळणीतील भाषेचा वाटा

शब्द मुद्रित केले आणि ओळीने वाजविले की वाक्य झाले, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात येथूनच खरी अडचण सुरू होते, आणि ती प्रत्येक भाषेत निराळी असते. रायपूरहून निघालेली गाडी गोंदियास पोहोचेपर्यंत सुमारे १७० किलोमीटर जाते. तेवढ्या अंतरात घोषणेच्या भाषांत मराठीची भर पडते, आणि आवाज कोठे कापावा हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

हिंदीत ‘वर्धा से’, ‘नागपुर से’, ‘अकोला से’ असे म्हणतात. ‘से’ हा शब्द वेगळा उभा राहतो आणि घोषणेच्या भाषेत गावाचे नाव जसेच्या तसे राहते. म्हणून ‘वर्धा’ एकदा मुद्रित केले की ते ‘से’च्या मागेही चालते आणि ‘तक’च्या मागेही. मराठीत तसे नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. वर्धा याचे वर्ध्याला, बडनेरा याचे बडनेऱ्याहून, अकोला याचे अकोल्यापर्यंत. ठाणे व पुणे यांची ठाण्याला, पुण्याहून अशी रूपे होतात. नागपूर, भुसावळ आणि गोंदिया ही नावे ‘ला’ लागताना बदलत नाहीत, पण त्यामुळे काम सोपे न होता उलट अधिक फसवे होते. एका मार्गावरील काही गावे बदलतात, काही बदलत नाहीत, आणि यंत्राला व्याकरण ठाऊक नसते. त्याने ‘वर्धा’ आणि ‘ला’ हे तुकडे जोडले तर ‘वर्धाला’ असे ऐकू येईल. त्याचा अर्थ कळेल, पण ती मराठी नव्हे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक नावाची लागणारी सर्व रूपे स्वतंत्र मुद्रित करावयाची. तुकडे दुपटी-तिपटीने वाढतात, परंतु भाषा शुद्ध राहते. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. बदलणारा शब्द प्रथमेत आणि शेवटी येईल अशी वाक्याची रचनाच करावयाची. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ‘पुढील स्थानक’ असे म्हणून मग स्थानकाचे नाव उच्चारतात. नावाला प्रत्यय लागतच नाही, त्यामुळे ठाणे हे ठाणेच राहते. ऐकणाऱ्यास ही रचना सहज वाटते. तिच्यामागे असलेला विचार कोणाच्या ध्यानात येत नाही, यातच तिचे यश आहे.

अंकांचीही कथा अशीच आहे. इंग्रजीत शून्यापासून एकोणीसपर्यंतचे वीस शब्द आणि वीस, तीस, चाळीस, पन्नास यांचे चार, अशा चोवीस तुकड्यांवर एकोणसाठपर्यंतची कोणतीही संख्या सांगता येते. मराठीत आणि हिंदीतही ‘सत्तावीस’ हा ‘वीस’ व ‘सात’ यांची नुसती जोड नाही. प्रत्येक संख्येचा शब्द घडीव आहे. म्हणून साठच्या साठ संख्या वेगळ्या मुद्रित कराव्या लागतात. शिवाय मराठीत ‘एक मिनिट’ पण ‘दोन मिनिटे’, आणि ‘मिनिटे उशिरा’ पण ‘मिनिटांनी सुटेल’. गाडीचा क्रमांक मात्र एकेक अंक सुटा उच्चारतात. हावडा–मुंबई मेलचा १२८१० हा क्रमांक ‘एक, दोन, आठ, एक, शून्य’ असा सांगितला की दहाच तुकड्यांत सर्व गाड्यांचे काम भागते. शिवाय गोंगाटात ‘तेवीस’ आणि ‘तेहतीस’ यांची गल्लत होण्याचे भयही राहत नाही.

शेवटची अडचण सुराची. वाक्याच्या अखेरीस आवाज खाली उतरतो, मध्ये तो किंचित वर राहतो. अखेरच्या सुरात मुद्रित केलेला ‘दोन’ वाक्याच्या मध्यभागी बसविला, तर वाक्य तेथेच संपल्याचा भास होतो आणि पुढचे शब्द उपरे वाटतात. म्हणून महत्त्वाचे शब्द दोन सुरांत मुद्रित करतात. तुकडा कापतानाही कंपनाची रेषा शून्यावर असेल तेथेच कापतात, नाही तर सांध्याच्या ठिकाणी टिचकीसारखा आवाज येतो. या सर्व गोष्टी नीट साधल्या म्हणजे जोड ऐकू येत नाही.

६. आवाज कोणाच्या कामाचा, आणि कोणाचा

फलाटावर अंकांचे प्रकाशफलक असताना बोलण्याची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या दोन्ही हातांत बोजा आणि कडेवर मूल आहे, त्याच्यासाठी प्रकाशफलक असून नसल्यासारखा असतो. त्याला फलाट ऐनवेळी बदलल्याचे कळते ते केवळ कानांनी. म्हणून तुकडा चुकीचा जोडला जाणे ही निव्वळ शैलीची चूक नव्हे. ‘दोन’च्या जागी ‘तीन’ लागला तर एखाद्याची गाडी चुकते.

याहून व्यापक प्रश्न भाषेचा आहे. छत्तीसगड राज्यात २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच राज्यात गोंडी आणि हलबी बोलणारा मोठा समाज आहे. २०१० साली तेथे सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ या उपक्रमाने साध्या दूरध्वनीचा उपयोग करून घेतला. खेड्यातील मनुष्य दूरध्वनी करून आपल्या बोलीत निरोप मुद्रित करी, तो तपासून साठविला जाई, आणि इतरांना दूरध्वनीवरूनच ऐकता येई. वृत्तपत्रे ज्या भाषेत निघत नाहीत त्या भाषेत रस्त्याची, पाण्याची, रेशनच्या दुकानाची तक्रार नोंदविण्याचा मार्ग अशा प्रकारे खुला झाला. तेथेही तत्त्व हेच होते : आवाज साठवावा, पत्ता द्यावा, हवा तेव्हा वाजवावा.

आता संगणक लिहिलेला मजकूर वाचून दाखवितात, आणि त्यासाठी शब्दांचे तुकडे जोडण्याची गरजही पुष्कळशी उरलेली नाही. परंतु हे कौशल्य त्यांना येते ते त्या त्या भाषेतील अनेक तासांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण त्यांच्यापुढे ठेवल्यावरच. ज्या भाषेचे बोलणे पुष्कळ साठविलेले आहे ती भाषा यंत्र चांगली बोलते. जिचे थोडे साठविले आहे ती अडखळत बोलते, आणि जिचे काहीच साठविलेले नाही ती बोलतच नाही. सिलिकॉनच्या कणग्या सर्व भाषांना सारख्याच उघड्या आहेत. त्यांत काय भरावयाचे हे मात्र माणसांनी ठरवावयाचे असते.

प्रयोग

(१) कागदाच्या चिठ्ठ्यांवर ‘गाडी’, ‘येणारी’, ‘जाणारी’, ‘हून’, ‘ला’, ‘पर्यंत’ आणि दहा गावांची नावे लिहावीत. चिठ्ठ्या जुळवून घोषणेची वाक्ये तयार करावीत. कोणत्या गावासाठी नवी चिठ्ठी लिहावी लागते याची नोंद करून त्यामागील व्याकरणाचा नियम शोधावा.

(२) दूरध्वनीतील ध्वनिमुद्रकावर ‘दोन गाड्या आल्या’ आणि ‘फलाट क्रमांक दोन’ ही वाक्ये म्हणावीत. दोन्ही ठिकाणच्या ‘दोन’चा सूर व लांबी यांची तुलना करावी.

स्वाध्याय

१. दर सेकंदाला ६,००० नमुने घेतल्यास ४,८०,००० कप्प्यांच्या चिपमध्ये किती वेळाचे बोलणे मावेल? त्यात जास्तीत जास्त किती कंपनसंख्येपर्यंतचे सूर साठविता येतील?

२. नमुने घेण्यापूर्वी उंच कंपने गाळून टाकली नाहीत, तर काय घडेल?

३. ‘वर्धा’ या नावाला प्रत्यय लागू न देता ‘ही गाडी वर्ध्याला थांबेल’ या अर्थाची घोषणा कशी रचता येईल?

४. वीज गेल्यावरही चिपमधील आवाज का टिकतो, हे कणगीच्या दृष्टांताने स्पष्ट करावे. हा दृष्टांत कोठे अपुरा पडतो?